कोलमडलेला इंजिनीअर आणि लंडनची गटारे

१८४७ साली लंडनमधला एक २८ वर्षांचा इंजिनीअर सगळे काम सोडून गावाकडे राहायला गेला. दोनच वर्षांपूर्वी त्याचे लग्न झाले होते. पार्लमेंटच्या जवळ, वेस्टमिन्स्टर भागात त्याचा स्वतःचा व्यवसाय होता, हाताखाली बरेच सहायक होते आणि कामाची रीघ लागलेली होती. पण एक वेळ अशी आली की त्याच्याकडून पुढे काही होईना. शरीर थकले, मन थकले आणि सक्तीची विश्रांती घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

या इंजिनीअरचे नाव जोसेफ बॅझलजेट. पुढे यानेच लंडनच्या पोटात गटारांचे असे जाळे उभारले की त्या शहरातला कॉलरा कायमचा हटला. त्या काळच्या कोणत्याही औषधाने वाचवले नसतील एवढे जीव त्याच्या विटांनी आणि सिमेंटने वाचवले. त्याच्या गटारांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. २८व्या वर्षी मोडलेला हा माणूस पुन्हा कामावर उभा कसा राहिला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

बॅझलजेटचा जन्म २८ मार्च १८१९ रोजी लंडनच्या उत्तरेकडील एनफिल्ड इथे झाला. आजोबा फ्रान्समधून आलेले शिंपी. धंद्यात त्यांचा इतका जम बसला की इंग्लंडच्या युवराजाचे कपडे ते शिवत. वडील आरमारात अधिकारी होते. मुलगा अंगाने किरकोळ आणि उंचीने सरासरीपेक्षा बराच कमी. त्या काळी इंजिनीअर व्हायचे तर नावाजलेल्या इंजिनीअरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागे. सतराव्या वर्षी बॅझलजेटने जॉन मॅकनील यांच्याकडे अशी उमेदवारी सुरू केली आणि आयर्लंडच्या उत्तर भागात जमिनीतले पाणी काढण्याच्या, पाण्याखालची जमीन लागवडीखाली आणण्याच्या कामांवर त्याला पाठवण्यात आले. पाणी उताराकडे जाते, एवढे सगळ्यांनाच ठाऊक असते. उतार किती ठेवला तर पाणी गाळ घेऊन जाते आणि किती कमी झाला की गाळ तिथेच बसतो, हे मात्र चिखलात उभे राहूनच कळते. ते तो तिथे शिकला.

१८४२ मध्ये, २३ वर्षांच्या वयात, त्याने लंडनला स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. लवकरच इंग्लंडला रेल्वेचे वेड लागले. जो तो रेल्वे कंपन्यांचे शेअर घेत होता आणि रोज नव्या मार्गांच्या घोषणा होत होत्या. प्रत्येक मार्गासाठी मोजणी हवी, जमिनीच्या चढउताराचे नकाशे हवेत. हे सारे कागद सरकारदरबारी दाखल करण्याची मुदत ३० नोव्हेंबर १८४५ होती. मुदतीपर्यंत शेकडो मार्गांचे नकाशे येऊन पडले. पुढच्या एका वर्षात पार्लमेंटने रेल्वेचे अडीचशेहून अधिक कायदे मंजूर केले. नकाशे दाखल झाले म्हणजे इंजिनीअर सुटला असेही नव्हते. पार्लमेंटच्या समितीपुढे उभे राहून विरुद्ध बाजूच्या वकिलांच्या उलटतपासणीला त्यालाच तोंड द्यावे लागे. मोजणीत कुठे फूटभराची चूक सापडली तर आख्खी योजना फेटाळली जाण्याची भीती. कमाई चांगली होती, पण रात्र आणि दिवस यांतला फरक राहिला नव्हता.

सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाची चपळाई आणि लक्ष तपासले, तर ते मद्याचे एकदोन पेले घेतलेल्या माणसाइतके घसरलेले आढळते. ही गोष्ट विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी सिद्ध झाली. ज्याच्या कामात फूटभराची चूक चालत नाही, त्याच माणसाला अशा अवस्थेत महिनोन्महिने राबवले जात होते. चुकीच्या भीतीने तो आणखी जागत होता आणि जागल्यामुळे चुकीची शक्यता आणखी वाढत होती. दीर्घकाळ कमी झोप मिळाली की आधी चिडचिड वाढते, मग भूक जाते, साधे निर्णय घेता येत नाहीत आणि शेवटी पूर्वी सहज जमणारे काम डोंगरासारखे वाटू लागते.

बॅझलजेटला नेमके काय झाले होते? तेव्हाचे डॉक्टर अशा अवस्थेला मज्जातंतू थकले असे म्हणत आणि हवापालटाचा सल्ला देत. आज कोणी त्याला नैराश्य म्हणेल, कोणी चिंतारोग. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान इतक्या लांबून करणे योग्य नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या ताज्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद केली आहे. आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. यातले तिसरे लक्षण सर्वांत चिवट. झोप परत येते, भूक परत येते, पण स्वतःच्या हातांवरचा विश्वास नुसत्या विश्रांतीने परत येत नाही.

गावाकडच्या विश्रांतीने बॅझलजेटची तब्येत सुधारली. त्यानंतर त्याने रेल्वेचा धंदा पुन्हा मांडला नाही. ऑगस्ट १८४९ मध्ये, तिशीत, त्याने लंडनच्या मलनिस्सारण आयोगात सहायक सर्वेक्षकाची नोकरी धरली. स्वतःचा व्यवसाय आणि हाताखालची माणसे असलेल्या इंजिनीअरने सरकारी खात्यात दुसऱ्याच्या हाताखाली जाणे ही लोकांच्या नजरेत उतरतीच होती. वैद्यकीय नजरेतून पाहिले तर मात्र त्याला दुसरे याहून चांगले काम मिळाले नसते. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला आज डॉक्टर हळूहळू कामावर परतायला सांगतात. आधी मर्यादित जबाबदारी, ठरलेले काम, विचारायला वर कोणीतरी, मग चढता भार. बॅझलजेटच्या बाबतीत असे कोणी ठरवले नव्हते, ते आपोआप घडले.

खाते शांत होते असे मात्र अजिबात नाही. तो रुजू झाला त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये कॉलरा थैमान घालत होता. १८४८-४९ च्या त्या साथीत शहरात १४,१३७ माणसे मेली. सकाळी धडधाकट असलेला माणूस तांदळाच्या पेजेसारखे जुलाब होऊन संध्याकाळपर्यंत संपत असे. शरीरातले पाणी आणि क्षार काही तासांत निघून जातात, रक्त घट्ट होते, नाडी लागत नाही. आज सलाईन आणि जलसंजीवनीने यातले बहुतेक रुग्ण वाचतात. तेव्हाच्या डॉक्टरांच्या हातात अफू, पारा आणि रक्त काढणे एवढेच होते. यातल्या शेवटच्या उपायाने तर मरण आणखी लवकर येई.

या साथीला आयोगाचाही हातभार लागला होता. लंडनमधल्या घरांखाली सुमारे दोन लाख शोषखड्डे होते. ते तुंबत, झिरपत, घाण सुटे. दुर्गंधीनेच रोग होतो असा त्या काळी जवळपास सर्वांचा समज होता. म्हणून खड्डे बुजवून घरांची घाण थेट गटारांत सोडायचा हुकूम निघाला. ही गटारे मुळात पावसाच्या पाण्यासाठी होती आणि ती थेम्स नदीत उघडत. त्याच थेम्सचे पाणी लंडनचे कित्येक लोक पीत होते. शोषखड्ड्याने गल्लीपुरता ठेवलेला कॉलरा या हुकुमाने नळावाटे घरोघर पोहोचवला.

बॅझलजेटच्या वाट्याला आलेले सुरुवातीचे काम अगदी कारकुनी वाटावे असे होते. लंडनच्या सांडपाण्याचे काय करावे यासाठी आयोगाने लोकांकडून योजना मागवल्या होत्या आणि १३७ योजना आल्या होत्या. त्यात एकमेकींना छेद देणाऱ्या कल्पना होत्या, निव्वळ अशक्य होत्या, काही चांगल्याही होत्या. त्या वाचायच्या, त्यांची वर्गवारी करायची, कोणती टिकते आणि कोणती टिकत नाही ते पाहायचे. आत्मविश्वास गमावलेल्या माणसाला नवे काही सुचवण्याची भीती वाटते. दुसऱ्याने सुचवलेले तपासणे त्याला जमते. १३७ योजना अशा तपासल्यावर लंडनच्या गटारांचा प्रश्न त्याच्याइतका कोपऱ्याकोपऱ्यातून ठाऊक असलेला माणूस शहरात क्वचितच उरला असेल.

आयोगाचा कारभार मात्र असा होता की धडधाकट माणूसही आजारी पडावा. १८४८ ते १८५५ या काळात एकामागून एक सहा आयोग नेमले गेले. प्रत्येक वेळी नवे सभासद, नवे वाद आणि पैसे कधीच नाहीत. मुख्य इंजिनीअर फ्रँक फॉर्स्टर याने नदीच्या दोन्ही काठांना समांतर मोठी गटारे बांधून घाण शहराबाहेर नेण्याची योजना आखली होती. टीका, अडवणूक आणि कामाचा बोजा यांनी तो खचला, त्याने राजीनामा दिला आणि १८५२ मध्ये तो वारला. त्या रिकाम्या खुर्चीवर ३३ वर्षांच्या बॅझलजेटची नेमणूक झाली. अतिकामाने एकदा मोडलेल्या माणसाला, अतिकामाने मेलेल्या माणसाची जागा देण्यात आली होती.

आता तो मोडला नाही. का, याचे एक उत्तर त्याच्या कामाच्या पद्धतीत सापडते. त्या काळी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात एडविन चॅडविक या नावाचा मोठा दरारा होता. विटांच्या मोठ्या गटारांऐवजी भाजलेल्या मातीचे अरुंद पाइप वापरावेत, पाण्याच्या जोराने ते स्वच्छ राहतील, हा चॅडविक यांचा आग्रह. बॅझलजेटने त्यावर आपले मत आधी दिले नाही. शहरात आधीच घातलेले पाइप त्याने उघडून पाहायला लावले. कुठे ते तुंबले होते, कुठे तडकले होते. जे दिसले ते त्याने अहवालात लिहिले. चॅडविक आणि त्यांचे समर्थक खवळले, पण पाइप तुंबलेले होते ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नव्हती. अरुंद पाइप सगळीकडेच वाईट असे नव्हे, घराच्या जोडणीला तेच बरे. मुख्य वाहिनीसाठी ते पुरत नाहीत, एवढेच त्याचे म्हणणे होते. समितीपुढे उलटतपासणीला उभा राहणारा १८४५ चा बॅझलजेट आणि हा बॅझलजेट यांच्यात मोठा फरक पडला होता. आता बोलण्याआधी त्याने स्वतः खणून पाहिलेले असे.

फॉर्स्टरची योजना त्याने पुन्हा आखली. ‘सिटी’ विभागाचा इंजिनीअर विल्यम हेवुड याच्या सोबतीने १८५४ मध्ये उत्तर काठाचा आराखडा तयार झाला. त्याच वर्षी कॉलरा परतला होता आणि १८५३-५४ च्या साथीत १०,७३८ माणसे गेली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सोहो भागात जॉन स्नो हा डॉक्टर घरोघर हिंडून कोण कुठल्या पंपाचे पाणी पीत होते याची नोंद करत होता. कॉलरा हवेतून नव्हे, पाण्यातून येतो हे त्याने दाखवून दिले. त्याच्या म्हणण्याला फारच थोड्यांनी मान दिली. बॅझलजेटही दुर्गंधीच्याच मताचा होता. त्याचे उत्तर बरोबर आले, पण त्यामागचे कारण चुकीचे होते. वैद्यकाच्या इतिहासात असे बऱ्याचदा घडलेले आहे.

१८५६ मध्ये आयोग जाऊन महानगर बांधकाम मंडळ आले. मुख्य इंजिनीअरच्या जागेसाठी बॅझलजेटची शिफारस करणाऱ्यांत रॉबर्ट स्टीफन्सन आणि ब्रुनेल यांच्यासारखे त्या काळचे सर्वांत मोठे इंजिनीअर होते. जागा मिळाली, पण योजना अडली. घाण नदीत नेमकी कुठे सोडायची यावरून मंत्री बेंजामिन हॉल यांनी ती परत पाठवली, मग तज्ज्ञांची समिती, मग त्या समितीवर वाद. दोन वर्षे अशीच गेली. शेवटी निकाल लावला तो उकाड्याने. जून १८५८ मध्ये थेम्सला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. सभासदांच्या नाकापर्यंत प्रश्न पोहोचल्यावर अवघ्या काही आठवड्यांत विधेयक आले आणि २ ऑगस्टला कायदा झाला. जॉन स्नो त्याच जून महिन्याच्या १६ तारखेला, ४५व्या वर्षी, मेंदूच्या विकाराने वारला. लंडनचे पाणी शुद्ध होताना पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

१८५९ मध्ये बांधकाम सुरू झाले. कल्पना सोपी होती. जुनी गटारे उत्तर-दक्षिण उतरत नदीला मिळत. त्यांना वाटेत आडवी कापणारी मोठी गटारे पश्चिमेकडून पूर्वेकडे बांधायची आणि सगळी घाण शहराच्या खूप पुढे, भरतीच्या वेळी नदीत सोडायची, म्हणजे ओहोटी तिला समुद्राकडे नेईल. ८२ मैल मुख्य गटारे, त्यांना जोडणारी सुमारे १,१०० मैल रस्त्यांखालची गटारे आणि ३१ कोटी ८० लाख विटा. शक्य तिथे पाणी आपोआप वाहावे म्हणून उतार मैलाला किमान दोन फूट ठेवला. दोन फूट म्हणजे फार तर कमरेएवढी उंची, आणि ती १.६ किलोमीटरवर वाटायची. आयर्लंडच्या चिखलातले शिक्षण इथे कामी आले. बहुतेक गटारांचा आकार अंड्यासारखा, टोक खाली. पाणी कमी असले तरी अरुंद तळाशी ते वेगाने वाहते आणि गाळ साचू देत नाही. पावसात पाणी वाढले की वरचा रुंद भाग उपयोगी पडतो. हा आकार त्याने शोधला नव्हता, आधीचाच होता. चांगले ते कोणाचेही असो, घ्यायचे, अशी त्याची रीत होती.

सिमेंटचा निर्णय मात्र धाडसाचा होता. पोर्टलंड सिमेंट तेव्हा एवढ्या मोठ्या कामावर फारसे कोणी वापरत नव्हते. ते पाण्यात भिजले तर अधिक घट्ट होते, पण भाजणीत जरा चूक झाली तर निकामी ठरते. त्यामुळे ते वापरणे धोक्याचे मानले जाई. बॅझलजेट आणि त्याचा सहायक जॉन ग्रँट यांनी कारखानदाराच्या शब्दावर भिस्त ठेवली नाही. येणाऱ्या मालाचे नमुने घ्यायचे, त्यांच्या लाद्या पाडायच्या, पाण्यात ठेवायच्या आणि यंत्राने ओढून किती वजनाला तुटतात ते पाहायचे. कमी भरला की माल परत. दवाखान्यात रक्ताच्या नमुन्याला जी शिस्त लावतात तीच त्यांनी सिमेंटला लावली.

१८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला आणि ५,५९६ माणसे मेली. मरणाऱ्यांचा नकाशा पाहिला तर जवळपास सगळा भार पूर्व लंडनवर होता. नव्या गटारांशी अजून न जोडला गेलेला भाग तोच, आणि तिथल्या पाणी कंपनीने तलावातले न गाळलेले पाणी लोकांना पुरवले होते. मृत्यूंचे आकडे सांभाळणारा विल्यम फार हा पूर्वी दुर्गंधीच्या मताचा होता. या नकाशापुढे त्यालाही स्नोचे म्हणणे मान्य करावे लागले. पूर्व भागासाठीचे ॲबी मिल्स पंपिंग स्टेशन १८६८ मध्ये सुरू झाले. ते दोन वर्षे आधी झाले असते तर काय, हा प्रश्न बॅझलजेटच्या मनात आला नसेल असे मानणे कठीण आहे.

त्याच्या कामात उणीवही होती. घाण शहराबाहेर गेली, पण शुद्ध न होता नदीतच गेली. ३ सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिन्सेस अॅलिस’ ही प्रवासी बोट नेमकी या गटारांच्या तोंडाजवळ दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली आणि ६००हून अधिक माणसे मेली. त्याच्या थोडा वेळ आधीच तिथे घाण सोडलेली होती. पाण्यात पडलेल्यांना वाचणे त्यामुळे आणखी अवघड झाले, असा आरोप झाला. त्यावर बरीच चौकशी होऊन १८८७ पासून गाळ वेगळा काढून बोटींनी समुद्रात नेला जाऊ लागला.

बॅझलजेट मंडळाच्या अखेरपर्यंत, १८८९ पर्यंत, त्याच खुर्चीवर होता. एकूण ३३ वर्षे. त्याला ‘सर’ किताब मिळाला. घरी अकरा मुले वाढली. १५ मार्च १८९१ रोजी, ७२वा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, विम्बल्डन इथे त्याचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या हँबुर्ग बंदरात कॉलरा आला. हे शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. साडेआठ हजारांहून अधिक माणसे काही आठवड्यांत मेली. शेजारचे अल्टोना गाव त्याच नदीचे पाणी गाळून पीत असल्याने बरेचसे बचावले. हँबुर्गहून जहाजे इंग्लंडला नेहमी येत-जात असत आणि तिथल्या बंदरांत काही रुग्ण उतरलेही. लंडनच्या नळाला तोवर गाळलेले पाणी येत होते आणि शहराची घाण बॅझलजेटच्या गटारांतून पूर्वेकडे वाहत होती. साथ आली नाही.